उसनवारी

पहिली अट लाकूडगिरणीच्या मालकाची :
खिळा मारायचा नाही, भोक पाडायचं नाही,
करवत तर दाखवायचीसुद्धा नाही.
"जशी नेली तशी आणायची,"
ओझ्बेय म्हणाला, आणि पावती फाडली :
लार्चच्या फळ्या, चार मीटर, नग अकराशे चाळीस,
चार महिन्यांच्या बोलीवर.

मारिबोरमध्ये, द्रावा नदीच्या काठी,
जिथे पूर्वी तराफे लागत त्या धक्क्यावर
नेझाने आराखडा पसरला, चार कोपऱ्यांवर चार बूट ठेवले.
सगळा मांडव एकमेकींना टेकलेल्या फळ्यांचा,
आणि ट्रकवाले माल आवळतात ते पट्टे.
पालिकेचा इंजिनिअर चष्मा पुसत म्हणाला,
"पाया?"
पाया नाही.
"मग वारा आला तर?"
पाण्याची पिंपं. पाणी नदीचं. तेही परत करू.
त्याने फॉर्म उलटून पाहिला.
नदीकडून उसनं घेतलेल्याचा रकाना कुठेच नव्हता.
त्याने 'इतर'वर खूण केली.

एप्रिलात पडला.
पहाटे, कुणी नसताना, फारसा आवाज न करता,
उठू पाहणाऱ्याने विचार बदलून
पुन्हा खाली बसावं, तसा.
द्रेयत्सने ढिगाऱ्यात फिरून मोजलं : नऊ चिरल्या.
नेझा दिवसभर कुणाशी बोलली नाही,
संध्याकाळी म्हणाली, कोन चुकला. तीन अंशांनी.
नऊंचे पैसे भरले. नऊ आमच्या झाल्या.
साऱ्या कामात आमच्या मालकीचं एवढंच.
त्यांना करवत लावायला कुणाची ना नव्हती,
म्हणून त्यांच्या पाचरी तासल्या,
आणि दुसऱ्यांदा तो उभा राहिला
तो त्या पाचरींवर.

मग उन्हाळा.
डिंकाचा वास दुपारी इतका दाट व्हायचा
की बुद्धिबळवाले चाल विसरायचे.
बंद पडलेल्या कापडगिरणीतली श्टेफ्का
विणकाम घेऊन रोज त्याच फटीखाली बसायची,
ऊन सरकलं की तीही सरकायची, वीतभर,
साडेपाचपर्यंत ती दुसऱ्या टोकाला पोचलेली असे.
राजधानीतून एक पत्रकार आला,
याचा अर्थ काय, विचारू लागला.
नेझा पट्टे मोजत होती. बोटानेच 'थांबा' म्हणाली,
आणि आकडा चुकला म्हणून पहिल्यापासून मोजू लागली.
यर्नेय नावाच्या पोराने
फळी क्रमांक सहाशे दोनवर
दर महिन्याला पेन्सिलीने स्वतःची उंची लिहिली.
पेन्सिलीबद्दल अट नव्हती.

ऑक्टोबरात उतरवला.
जी शेवटी चढली ती आधी खाली,
वही माझ्याकडे : नंबर, पुसली, रचली, नंबर.
चढवायला एकोणीस दिवस लागले होते,
उतरवायला अडीच.
ओझ्बेयने पहिल्याच फळीवर अंगठा फिरवला.
एक बाजू मधासारखी, दुसरी
राखेसारखी करडी.
"ही तशी नाहीये."
चार महिने उन्हात होती, नेझा म्हणाली.
तो बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिला.
"उन्हाचं कलम घालायचं राहिलंच," म्हणाला,
आणि सही केली : अकराशे एकतीस, पोचल्या.

पिंपं आम्ही काठावर कलंडवली.
नदीने पावती मागितली नाही.
धक्क्यावरच्या गवतात महिनाभर
एक पिवळा आकार होता, मग तोही गेला.

पुढल्या जुलैत प्तुईच्या वाटेवर
बस एका शेतापाशी थांबली होती.
तिथे गवत वाळवायची उंच चौकट, कोझोलेत्स म्हणतात ती,
नव्या आडव्या फळ्या लावलेली, काही मधासारख्या, काही करड्या.
मी उतरलो. मान वर करून शोधत राहिलो.
चौथ्या ओळीत, गवताच्या पेंढ्यांखाली, सापडला :
यर्नेय, जून ते सप्टेंबर,
दीड सेंटिमीटर वाढलेला,
जमिनीपासून तीन मीटरवर आडवा पडलेला.
ड्रायव्हरने हॉर्न दिला.
खिशात हात घातला तर किल्ल्यांमध्ये
ती एक पाचर, अजून
कुठे ठोकायची ते न ठरलेली.