गरम झाल्यावर

थंड असताना काटा ताठ उभा राहतो, पाचच्याही वर.
औने म्हणाली, "बघ, काही झालेलं नाही त्याला."
मी म्हटलं, थांब. अर्धा तास चालू दे.

गोठ्याच्या भिंतीला टेकून आम्ही दोघी उभ्या.
क्युरो नदीपलीकडे ओटचं कापलेलं रान,
त्यात क्रौंच जमलेले, दक्षिणेला जायच्या गडबडीत,
त्यांच्या कलकलाटात इंजिनचा आवाज नीट ऐकूही येईना.
वाल्मेट तापत गेला
आणि काटा उतरू लागला,
भरल्या बैठकीतून कुणी चपला हातात घेऊन निघून जावं तसा.
तीन. दोन.
मग एकच्याही खाली, आणि लाल दिवा मिणमिणला.

बंद कर, म्हटलं.

गाडीच्या गेजवर मी विसंबत नाही.
चाळीस वर्षांचं गेज; ते खोटं बोलतं, नाहीतर त्याची वायर.
सेन्सर काढला, तिथे माझं पितळी गेज फिरवून बसवलं.
तेही तेच म्हणालं.

तेल खुणेपर्यंत होतं.
बोटांत चोळलं, नाकाशी नेलं: डिझेलचा वास नाही.
पण जाड. काकवीसारखं जाड.
"हे कुणी भरलं?"
"ताइस्तोनं. तो गेल्यावर
डब्यात उरलं होतं तेच मी घालत राहिले."

लोकांना वाटतं, पंप दाब तयार करतो.
पंप नुसता ढकलतो.
दाब येतो वाट अरुंद असते म्हणून,
फिरणाऱ्या पोलादाभोवती केसाएवढी फट असते म्हणून.
फट रुंदावली की तेल
कुणी न अडवलेल्या पाण्यासारखं वाहून जातं
आणि पंप बिचारा ढकलतच राहतो.

फिल्टर कापला. घड्या उलगडून विजेरीखाली धरल्या:
तांबूस चमचम, बारीक,
बघायला सुंदर. मी काही बोलले नाही.

मग दाब सोडणारा व्हॉल्व्ह.
टोपण उघडलं, स्प्रिंग हातात आली
आणि तिच्या मागून टुणकन् पडलं
दहा पेनीचं नाणं,
आता या देशात ज्याची काडेपेटीही येत नाही.

औनेनं ते उचललं, एप्रनला पुसलं.
"हे इथे कसं?"
स्प्रिंग आणखी दबावी म्हणून, मी सांगितलं.
म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, काटा वर दिसतो.
पण फक्त थंडीत. इंजिन तापलं
की व्हॉल्व्ह तसाही मिटलेलाच असतो,
नाण्याचा काही उपयोग नाही.

ती बराच वेळ नाण्याकडे बघत होती.
"चार वर्षांमागे म्हणाला होता,
हे इंजिन अजून वीस वर्षं जाईल.
सकाळी मला मुद्दाम बोलावून काटा दाखवायचा."
मग, जरा थांबून:
"सकाळीच दाखवायचा."

दुपारी चारला अंधार पडला. दिवा टांगून सम्प उतरवला.
जाळी स्वच्छ निघाली.
पहिल्या बेअरिंगची टोपी काढली,
मेणासारखा तो मापाचा हिरवा धागा आडवा ठेवला,
पुन्हा घट्ट आवळून पुन्हा उघडलं.
धागा चपटा व्हायला हवा होता.
तो जवळजवळ तसाच गोल पडून होता,
त्याला कुणी हातच लावला नसावा असा.
कवचाची राखाडी झिलई संपून खाली तांबं दिसत होतं.

औने कॉफी घेऊन आली, राईच्या पावावर लोणी जाड थापलेलं.
वाकून तिनंही पाहिलं इंजिनच्या पोटात.
"त्याला माहीत होतं?"
नाणं ठेवणाऱ्याला माहीत असतं, मी म्हटलं.
"आणि मी त्याच्याच डब्यातलं तेल ओतत बसले,"
ती म्हणाली, आणि हसली, म्हणजे
तोंडातून वाफ निघाली, आवाज नाही.

नवी कवचं मागवू का, विचारलं.
क्रँक मोजावा लागेल, कदाचित घासावा लागेल,
वाल्मेटच्या आजच्या किमतीत ते बसेल का, सांगता येत नाही.
"मागव," ती म्हणाली. "आणि तेल पातळ आण,
पुस्तकात लिहिलंय तेच."

नाणं तिनं एप्रनच्या खिशात टाकलं.
जाताना मी दोनदा सांगितलं,
ते परत आत घालायचं नाही.