माया सोडून

चौकातल्या एजन्सीतली मुलगी म्हणाली,
सात दिवस, तीन शहरं, नाश्त्यासकट.
तुम्ही फक्त बॅग घेऊन या.
मी तिच्या कागदावरून बोट फिरवलं:
रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस.
तिथे माझं कुणी नाही.
आणि चाळीस वर्षं कुटाइसीभर कोट शिवलेल्या माणसानं
रेडिमेड घालायचं?

घरी येऊन ब्राऊन पेपर पसरला.
खडूनं चार टिंबं.
व्रोत्स्वाफ: ननुका, मुलगी, गोदामात रात्रपाळी.
थेसालोनिकी: बहीण मझिया, दुसऱ्यांच्या जिन्यांवर पोछा.
बारी: एतेरी.
आणि हे आमचं, रिओनीच्या काठचं,
जिथे मशीनला तेल घालायला मी उरलोय.

एतेरीला सुट्टी गुरुवारी, दुपारी दोन ते आठ.
रविवारीसुद्धा, म्हातारीची लेक आली तर.
बाकी सगळी ती सिन्योरा कोलूच्चीची,
तिच्या गोळ्यांची, तिच्या कुशी बदलण्याची.
नऊ वर्षांतले गुरुवार मला माहीत आहेत,
फोनच्या काचेएवढे.

म्हणून आधी गुरुवारला टाचणी मारली,
मग बाकीची शहरं तिच्याभोवती फिरवत बसलो.
बारीचं विमान इथून शनिवारी, म्हणजे नाही.
पोलंडहून बुधवारी आहे, पहाटे.
म्हणजे मुलीकडे सोमवारी पोचायचं,
मंगळवारी ती झोपेल, मी भांडी घासेन.
बारीहून ग्रीसला रात्रीची बोट, डेकचं तिकीट,
खुर्चीसुद्धा नाही.
समुद्र मी बटूमीला पाहिलाय, काठावरून.
परतीला तुर्कस्तानातून बस, दोन रात्री,
सार्पीची हद्द, मग घर.

शेजारचा गेगा, वय पंधरा, त्याच्या लॅपटॉपवर हे सगळं.
म्हणतो, वॉर्सात पन्नास मिनिटं पुरतात, आजोबा,
सगळे धावतात.
अरे, कापडाच्या अगदी कडेला टीप मारली
तर पहिल्या ताणाला उसवते.
मध्ये माया सोड. पाच तास सोड.
मी बसेन बाकावर.

दहा किलो, त्याच्यावर एक तोळा नाही.
चुर्चखेलाच्या सहा माळा, सुलुगुनीचं एक चाक.
त्केमालीची बाटली चालत नाही,
शंभर मिलिलीटरच्या वर आंबटपणा न्यायला बंदी.
पासपोर्टावर माझ्या नावात एक अक्षर जास्त आहे,
गेगा दर वेळी ते गाळतो.
आम्ही दोघं अक्षरं मोजतो,
काजं मोजावीत तशी.

शेवटी लाल ओळ:
रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत.
दाबू का, आजोबा?
बेतणं वेगळं, कापणं वेगळं.
कात्री चालवताना मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.
उठलो, पाणी प्यालो,
खिडकीतून उगाच कुणाच्या तरी गाडीकडे पाहिलं.
दाब.

रात्री एतेरीला तारखा कळवल्या.
वेडा आहेस, पोलंडवरून बारीला कोण येतं?
मग बराच वेळ नुसतं
लिहीत आहे, लिहीत आहे.
मग एवढंच:
काय घालून येशील?

मला काय, जुना करडा आहे.
तिच्यासाठी मात्र निळा काढलाय, जाड लोकरीचा.
मापं नऊ वर्षांपूर्वीच्या वहीतली.
कंबर, छाती, खांद्यापासून मनगट.
फोनवर ती खांद्यांपर्यंतच दिसते,
आणि बाईला माप विचारलं
की ती खोटं सांगते, हे धंद्यात कळलेलं.
दोन्ही बगलांना दोन-दोन बोटं माया सोडलीय,
वाढवायला, आत घ्यायला.
तिथे बसूनच बसवावा लागेल, दोन ते आठमध्ये.

विमानात सुई चालते का,
हे गेगाला विचारायचं राहिलं.