तरफेची तार

सव्वापाचला तहसीन जिना चढून वर आली,
हातात लॅपटॉप, पायांना भोपळ्याचा भुसा.
"आत्या, हे हृदय कुणाचं, ओळख."

मिरजेत एकोणीस वर्षं मी ईसीजी काढते.
घरात एकटीच बेसूर, म्हणून हॉस्पिटलात गेले.
गार जेल, छातीला सहा कप, हातापायांना चार चिमटे,
मग गुलाबी कागदावरचे चौकोन मोजायचे:
बारका चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग.
तेव्हा चष्मा लावला आणि सवयीनं विचारलं,
पुरुष की बाई? वय काय?
"चारशे साठ कोटी," ती म्हणाली.

रेघ भिंतीसारखी चढलेली,
आणि उतरताना दातेरी.
एक ठोका, दुसरा, तिसरा, जरा रेंगाळलेला चौथा.
सूर्यावर भडका उडतो ना आत्या,
तेव्हा उजेड सलग येत नाही, धडधडत येतो.
कधी चार-दोन सेकंदांनी, कधी मिनिटामिनिटानं.
का, त्यावर अजून भांडणं चालू आहेत.

मी माझ्या धंद्यातलं सांगितलं:
आधी बघ, पेशंट थंडीनं कुडकुडतोय का.
वायर सैल आहे का. शेजारी पंखा फिरतोय का.
निम्मे ठोके हृदयाचे नसतातच, पोरी.
ती हसली नाही.
"तेच तर तीन महिने करतेय.
खरं किती आणि नुसती कापरी रेघ किती."

खाली अब्बा घोडीवर कानस फिरवत होते.
उजवा कान गेलाय, डावा निम्मा.
जवारी आता ते हनुवटीनं लावतात,
भोपळ्याच्या पोटावर हनुवटी टेकून, डोळे मिटून.
सतारमेकर गल्लीत कुणाला हे सांगत नाही आम्ही.
तहसीननं चित्र पुढं धरलं:
काळ्यावर सोनेरी कमानी, एकीला खेटून एक.
एकेकीच्या पोटात सात-आठ पृथ्व्या रांगेनं मावतील.
"बाजूला स्फोट झाला की ही डोलते, दादाजान."

खुंटी कुठंय?
"दोन्ही टोकं सूर्यातच रुतलीत."
तार कशाची?
"तारच नाही. चुंबकाची ओढ आहे,
आणि तिला धरून दहा-वीस लाख अंशांचा वायू."
पोलाद नाही, पितळ नाही.
गिऱ्हाईकानं प्लास्टिकचा तंबोरा मागावा
तसं बघितलं त्यांनी.
आणि भोपळा? आवाज भरतो कशात?
"भोपळा नाही. आवाजही पोचत नाही, मध्ये सगळी पोकळी."
म्हणजे माझ्यासारखंच, अब्बा म्हणाले.
बघून लावायचं.

"पण थांबते फार लवकर," तहसीन त्यांच्या डाव्या कानाशी वाकली,
"तीन-चार हेलकावे, की संपलं.
एवढी मोठी कमान, इतक्यात निजायला नको.
जोर जातो कुठं?"

अब्बांनी भिंतीवरची सतार उतरवली.
वरची तार छेडली
आणि लगेच बोटानं दाबून धरली.
खालच्या तरफा गात राहिल्या,
ज्यांना कुणी शिवलंच नव्हतं.
त्यांना स्वतःला ते ऐकू आलं की नाही, माहीत नाही.
"जातोय कुठं," ते म्हणाले. "शेजारणीकडं."

तहसीन तशीच वाकलेली.
मग हळू म्हणाली, असं एक म्हणणं आहे खरं.
कमानीच्या कडेच्या पदरांत उतरतो म्हणे.
सिद्ध व्हायचंय अजून.
अब्बांची कानस पुन्हा सुरू झाली होती.

रात्री तीनला जतचा एक ट्रकवाला आणला.
रेघ नुसती केसाळ, नवी नर्स घाबरली.
मी त्याच्या अंगावर दोन ब्लँकेटं टाकली,
मनगट धरून थांबले.
रेघ निवळली. अठ्ठ्याहत्तर, एकसारखे.
काही नाही हो, म्हटलं, गारठलेत नुसते.

त्याची बायको कॉटच्या दांडीला धरून उभी होती.
दांडी वाजत होती.