विनंती थांबा

एकतीस वर्षं यांनी सातारा डेपोतून गाडी काढली
ती घड्याळाकडं बघत.
आता जुन्या टेम्पोच्या पोटात फळी ठोकून गादी,
गादीखाली पिठामिठाचे डबे,
खिडकीत तारेनं बांधलेली माझी गवती चहाची कुंडी.

यवतेश्वरचा घाट चढताना डबे वाजायला लागले.
मी म्हणाले, जरा सावकाश.
हे म्हणाले, याहून सावकाश म्हणजे
उतरून ढकलायचं.

कासच्या पुढं अंजनी फुललेली.
पानं सोडून थेट फांदीलाच चिकटलेली निळी फुलं,
शाळेतल्या पोरानं शाईचा हात पुसावा तशी.
करवंदीचा वास आत आला
आणि बामणोलीपर्यंत उतरला नाही.

फाल्गुन सरत आलेला.
शिवसागर रोज थोडा थोडा खाली जात होता,
काठाच्या लाल मातीवर
रेघा, रेघा, रेघा.

तराफा कधी सुटणार?
बारकू शेलार म्हणाला, भरला की.
कधी भरणार?
माणसं आली की.
यांनी मनगट वळवून बघितलं. मग पुन्हा बघितलं.
मी स्टो पेटवला.

दुपारभर कुणी आलं नाही.
एक म्हैस आली, पाण्यात बसली.
आम्ही चहात बटर बुडवून खाल्ले,
मी तांदूळ निवडले, हे चक्क घोरले.

उन्हं कलल्यावर पाय मोकळे करायला गेलो तर
पाण्यातून एक रस्ता वर आला होता.
जुना. खडी उखडलेली,
कडेला मैलाचा दगड, आकडे गाळानं बुजलेले.
बारकू म्हणाला, ह्याच वाटेनं आज्याचं गाव.
म्हणाला, आणि जाळं झटकायला लागला.

हे त्या दगडाशी उकिडवे बसले.
बोटानं गाळ खरवडला.
तीन निघाला. पुढचा आकडा नाहीच निघाला.

रात्री यांनी गाडी वळवून तोंड त्या रस्त्याकडं केलं,
दिवे लावले.
उजेड खडीवरून गेला, उताराला लागला,
पाण्यात शिरला तरी थोडा दिसत राहिला.
यांचा हात गिअरवर. सवयच ती.

मी चमचा ताटावर वाजवला. एकदाच.
एक घंटी, थांबा. दोन, चला.
हे इतकं माहीत होतं मला
एकतीस वर्षं डबा भरून देताना.

दिवे बंद झाले.
मग बराच वेळ बेडूक,
आणि यांचं,
"तांदळात खडा राहिला होता गं एक."