थर्मामीटर कुठे टांगलाय

निफाडचा पारा साडेचारवर उतरला
त्या रविवारी शिरसाठबाई वर आल्या.
दोन स्वेटर, कानटोपी,
काखेत अकरा वर्षांच्या रिपोर्टांची फाईल.
"तू गणिताची ना? मग बघ.
सगळे म्हणतात नॉर्मल.
नॉर्मल बाईला अशी हाडात थंडी वाजते?"

मी माझं मॉडेल दाखवलं,
तीन समीकरणं, वहीचं एक पान.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका,
गळ्यात थायरॉइड.
रक्तात हार्मोन कमी पडलं की वरून हाक जाते,
पुरेसं झालं की हाक विरते.
हाकेचं नाव टीएसएच.
आणि हाक सरळ हिशोबात वाढत नाही:
हार्मोन निम्मं झालं
तर ती दुप्पट नाही, जवळजवळ शंभरपट होते.
म्हणून लॉग घ्यायचा.
लॉग घेतला की वाकडी रेष मुकाट सरळ होते.

"बिचारीचा घसा बसत असेल," बाई म्हणाल्या.

मग उशिराचं सांगितलं.
गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी
लगेच होळकर पुलाखाली येत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलेला पूर
हा कुणीतरी सकाळी घेतलेला निर्णय असतो.
तुमची गोळी त्याहून सावकाश.
आज घेतलेलीतलं निम्मं
पुढच्या रविवारीही रक्तात फिरत असतं,
म्हणून डोस बदलला की सहा आठवडे थांबायचं.
बाईंनी नुसती मान हलवली.
पहाटे साडेपाचला गोळी, मग तासभर चहा नाही,
उशीर म्हणजे काय ते त्यांना माझ्याआधी ठाऊक.

बावीस ठिपके मांडले. सगळे चौकटीत.
चौकट हजारो परक्या रक्तांवरून आखलेली.
आजाराआधीचा एकच ठिपका सापडला,
तोही चौकटीतच,
पण पार दुसऱ्या कोपऱ्यात, वेगळं बिऱ्हाड केल्यासारखा.
समीकरणात मी त्याला सेट-पॉइंट लिहिलं,
पायाशी बारीक आय.
आय म्हणजे कोणीही एक.
"म्हणजे मी?"
म्हणजे तुम्ही.

चहा संपला. बाई बराच वेळ गप्प.
मग सातपूरच्या मसाल्याच्या कारखान्याचं काढलं.
"पॅकिंगच्या हॉलमध्ये पंखे बंद,
तिखट उडेल म्हणून.
मे महिन्यात अंगाची लाही.
तक्रार केली की साहेब म्हणायचे, तापमान बरोबर आहे, पाहिलंय मी.
थर्मामीटर साहेबांच्या केबिनमध्ये.
केबिनला कूलर.
तुझ्या त्या वाटाण्याचा थर्मामीटर कुठे टांगलाय गं?"

मी पेन खाली ठेवलं.
हे पुस्तकात होतं. मीच गाळलं होतं,
गणित सुटसुटीत राहावं म्हणून.
पियूषिका गोळीतलं टी-फोर
स्वतःच्या चुलीवर शिजवून घेते,
त्याचं टी-थ्री करते, आपल्यापुरतं, झटकन.
तिची ऊब भागली की हाक बंद.
हातपाय, आतडी, केसांची मुळं
अजून ओल्या सरपणाशी झगडत असतात,
आणि कागदावर सही होते: नॉर्मल.

पियूष म्हणजे अमृत.
आपल्या गावात त्याचा थेंब सांडला म्हणतात,
दर बारा वर्षांनी जग लोटतं.
ग्रंथीचं हे नाव ज्यानं ठेवलं
त्यानं पंगतीत आधी स्वतःचं पान वाढून घेणारा वाढपी
नक्की पाहिला असणार.

चौथं समीकरण त्याच रात्री लिहिलं.
एक केबिन, एक हॉल, मध्ये दार.
दार किती उघडं, तो सहगुणक मात्र
तेवीस ठिपक्यांतून निघेना.
हॉलमध्ये थर्मामीटर कोणी टांगलाच नव्हता.

मंगळवारी दोघी शरणपूर रोडला गेलो.
डॉक्टरांनी वही आधी उलटी धरली, मग सुलटी.
हसले.
आणि एक तपासणी जास्तीची लिहून दिली.

आता मार्च. गल्लीत कूलर धुताहेत.
बाई काल जिना चढून आल्या,
कानटोपी नाही. मोजे आहेत.
सहगुणकाच्या रिकाम्या जागी
तूर्त मी तेवढंच लिहून ठेवलंय,
पेन्सिलीनं, तारखेसकट:
मोजे.