कपाट नंबर चार

कपाट नंबर चारची किल्ली अजून माझ्याकडंच.
ऑफिसातून निरोप आला: इलाही, रिकामं कर,
सोमवारी भंगारवाला येतोय.

वरच्या खणात सायकलचे डायनॅमो, तीन.
एकावर सरांच्या अक्षरात चिठ्ठी:
'जळला. का जळला ते कळलं. टाकू नये.'
खाली मिरजेच्या सतारवाल्यांकडून मागून आणलेला
तडकलेला भोपळा.
तोंडावर कागद ताणून, वर रवा पसरून
सर सा लावायचे, आणि रवा
रांगोळीसारखा आपापल्या जागी जाऊन बसायचा.
सूर काही सरांना लागला नाही कधी.
रव्याला चालायचं.

भूपाल शेडबाळे. फिजिक्स.
लोक म्हणायचे, परदेशात असते तर कुठल्या कुठं गेले असते.
सर म्हणायचे, तिथं हळद कोण देणार मला?

हळदीचं मी पाहिलंय.
दुंडाप्पा हमालाच्या पोरानं विचारलं होतं,
बाप एवढा पिवळा, मग अंधारात दिसत का नाही?
दुसरं कुणी हसून सोडून दिलं असतं.
सर आठ दिवस धड जेवले नाहीत.
मग अडत्याकडून नोटा तपासायचा दिवा उसना,
माझ्या कपाटातलं स्पिरिट,
काचेच्या नळीत चिमूटभर हळद.
मार्केट यार्डातल्या गोदामाची दारं लावली.
पोती, हमाल, खाट, काळोख.
दिवा लागला
आणि नळी आतून हिरवी पेटली,
राव्याच्या पंखासारखी.
कुणीतरी हात जोडले.
सर म्हणाले, जोडा, पण थांबा, परत करून दाखवतो.
सतरा वेळा केलं.
शेवटी दुंडाप्पानंच पुढं होऊन
तळहातावर स्पिरिट ओतून घेतलं, हात दिव्याखाली धरला.
चाळीस वर्षांची हमाली
रेषारेषांतून उजळली.
पोरगं काही बोललं नाही.

सगळंच जमलं असंही नाही.
आयर्विन पुलाची थरथर मोजायला
कठड्याला लोलक बांधला, नऊ वर्षं नोंदी घेतल्या,
मग पूर आला.
वहीत एवढंच: 'उपकरण नदीनं नेलं.
रात्री तीन दहा. निष्कर्ष नाही.'
त्या दिवशी चहात साखर विसरले, इतकंच.

शेवटची वही मिरजेच्या इस्पितळातली.
सलाइनचे थेंब, मिनिटाला अठरा.
पुन्हा मोजले, एकोणीस.
'नर्सनं हात हलवला, हे वाचन धरू नये.'
मग एक ओळ: 'मोजताना झोप लागली.'
पुढची पानं कोरी,
पण पट्टीनं आखलेली सगळी:
वेळ, वाचन, शेरा.

सोमवारी भंगारवाला आला.
मी सरांची वजनं काढून त्याच्या काट्यावर ठेवली.
काटा किलोमागं शंभर ग्रॅमनं खोटा.
परत करून दाखवलं. पुन्हा शंभर.
शिव्या देत गेला, गाडी रिकामीच.

ऑफिसात सांगितलंय,
किल्ली सापडत नाही.