कोन बदलत नाही

तुर्केलीला पायलट चढला तेव्हा अंधारच होता.
नेवझात एर्गुवेन, वय चौसष्ट, डावा गुडघा दुखरा.
शिडी चढून आला, आधी चहा मागितला,
मग जहाजाचं वजन विचारलं,
जसं कुणी कासरा हातात घेण्याआधी
परक्याच्या बैलाचं नाव विचारतं.

कांदिल्लीच्या वळणावर सामुद्रधुनी अंग चोरते.
पाणी मागून ढकलतं,
आणि आमचं जहाज, थांब म्हटलं
की दीड मैलानं थांबणारं.

रडारवर हिरवा ठिपका. मासेमारीची होडी.
तिच्यापुढं एक रेघ, रेघेच्या टोकाला
सहा मिनिटांनंतरची होडी,
जी अजून कुठंच नाही.
यंत्रानं आकडा दिला : शून्य पूर्णांक शून्य दोन.
भीती दिली नाही.
ती ज्याची त्यानं आणायची असते.

नेवझात पडद्याकडं बघतही नव्हता.
एक डोळा मिटून, मान न हलवता
त्यानं खिडकीच्या चौकटीवरचा रंगाचा टवका
होडीच्या कंदिलाशी जुळवला होता.
कंदील टवक्यावरच. मिनिटभर. अजून टवक्यावरच.

"बघ पोरा, जो सरकतो तो निघून जातो.
जो जागचा हलत नाही आणि मोठा होत जातो,
तो तुझ्याकडं येतोय."

मला शाळेच्या मैदानावरचा एक झेल आठवला.
मी पळत होतो तोवर चेंडू डोळ्यात
एका जागी टांगल्यासारखा होता.
मग मी थांबून विचार केला, कुठं पडेल?
आणि तो माझ्या मागं पडला.
त्या संध्याकाळी कुणी माझ्याशी बोललं नाही.

पाच भोंगे. आखूड.
काठावरच्या दोन खिडक्यांत दिवे लागले.
होडीत कुणीतरी दचकून उठला,
लुफेर माशाची दोरी तशीच सोडली, सुकाणू ओढलं.
कंदील टवक्यावरून घरंगळला.
नेवझातनं चहा उचलला. गार झाला होता. प्यायला.

उजाडलं तेव्हा पुलाच्या कठड्यावर
कुठल्या तरी ओढ्याकाठून भरकटलेला एक चतुर.
"आमच्याकडं युसुफचुक," तो म्हणाला, "म्हणजे छोटा युसुफ."
आमच्याकडं काय म्हणतात ते मी सांगितलं, अर्थासकट.
"तुमच्या लोकांनी नीट बघितलंय याला."

तेवढ्यात चतुर उठला.
टाचणीएवढी अक्कल, ना रडार, ना चौकट, ना टवका.
चिलट जिथं होतं तिथं तो गेलाच नाही.
ते ज्या कोनात दिसलं तो कोन
डोळ्यात घट्ट धरून तिरका उडत राहिला,
आणि हवेत एका जागी दोघं भेटले.
एकाचंच परत येणं झालं.

जो कोन मोडायला आम्ही अर्धं शहर जागं केलं
तोच हा जपतो, पोटासाठी.

"नोव्हेंबरला निवृत्ती," नेवझात मध्येच म्हणाला,
टवक्यावरून नख फिरवत.
"तीन वर्षं ती तारीख एकाच जागी दिसतेय मला."
मी काही बोललो नाही. भोंगा कुणासाठी वाजवायचा?

अहिरकापीला तो उतरला, गुडघा सांभाळत,
एकेक पायरी मोजत. लाँच दूर गेली.
मी एक डोळा मिटला.
त्याची पांढरी टोपी टवक्यावरून
डावीकडं सरकत होती, लहान होत.
सरकत होती.
म्हणजे ठीक.